गग्ग भिक्खू आणि समदुःखींची सोबत

वसई-विरारची लोकल असो वा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अपघातात डोक्याला मार लागलेल्याची जखम भरते. विस्मृती, थकवा, चिडचिड मात्र मागे राहतात. मेंदूची ही इजा दिसत नसल्याने लोक त्यास आळशी ठरवितात.

विनयपिटकातील गग्ग भिक्खूचा प्रसंग येथे आम्हांस बोधप्रद वाटतो. त्याचा आजार चित्तविक्षेपाचा होता, हे खरे. परंतु उपोसथ त्यास कधी आठवे, कधी न आठवे, म्हणून संघाने त्यास संमतीपूर्वक सवलत दिली. पुढे तो बरा झाल्यावरही आजारातील वर्तनाचा दोष त्यास लावला जाई. तेव्हा भगवंतांनी ‘अमूळ्हविनय’ सांगितला. त्याची याचना गग्गाने स्वतः संघासमोर त्रिवार करावयाची होती.

समदुःखींच्या परस्परसाहाय्याचे मर्म हेच होय. त्याच वाटेने गेलेला सोबती शेजारी बसतो, विसरलेला मुद्दा आठवून देतो, सावकाश बोलण्यास अवधी मिळवून देतो; मात्र त्याच्याऐवजी बोलत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. म्हणून प्रमाणपत्र मागताना ही सोबत विशेष मोलाची ठरते. अशांना एकत्र बसण्यासाठी विहाराचा एक कोपरा देणे आपणांस अशक्य नाही.