कालवडीसाठी सांड

आरमोरी तालुक्यातल्या एका कोठ्यात कालवड माजावर आली, तेव्हा मालकाने तिला मुद्दाम बांधून ठेवलं. कळपाबरोबर रानात सोडली असती तर त्याच दिवशी फळली असती, पण कुणाकडून ते सांगता आलं नसतं. तिच्या मायेचे दोन गोऱ्हे आज त्याच्या जुवाखाली आहेत. रोवण्याआधी धानाच्या बांधीत चिखलणी करताना मोठे बैल पोटापर्यंत रुततात आणि दमतात. हे दोघे ठेंगणे, हलके, आखूड पावलांनी चालत राहतात. कठाणी जातीचा हाच गुण आहे. कालवडीपासून त्याला पुढची जोडी हवी होती. ‘दुधाचं नका सांगू जी, मले बैल पायजे,’ हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

सोपा रस्ता होताच. कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, गावापर्यंत येतात. पण आम्ही विचारलं त्या दिवशी दवाखान्यातल्या डब्यात जर्सी होती, गीर होती, साहिवाल होती. कठाणीची कांडी नव्हती. आणि पहिलारू, लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीची कांडी भरली तर वासरू वाटेत अडण्याची भीती असते. जंगलातल्या गावात, रात्री, पावसात अडलेली गाय म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं आहे तो धोका पत्करत नाही. हल्ली लिंगवर्गीकृत कांड्याही मिळतात, त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास वासरं माद्या होतात. दूधवाल्यांना ते वरदान आहे. चिखलणीच्या जातीला त्याचा काय उपयोग?

म्हणजे सांडच शोधायचा. आणि इथे खरी अडचण सुरू होते, कारण धानपट्ट्यात चांगला गोऱ्हा सगळ्यात आधी खच्ची होतो. छातीने रुंद, पायांनी सरळ असा गोऱ्हा दिसला की मालक त्याच्यात बैलच पाहतो. बर्डिझोच्या चिमट्याने कातडी न कापता आतली नस दाबली जाते आणि त्या गोऱ्ह्याचा वंश तिथे संपतो. मागे राहतो तो खुरटा, कुणालाच नको असलेला. तो कळपाबरोबर हिंडतो आणि गावातल्या बहुतेक वासरांचा बाप होतो. वाईट निवडावं असं कुणी ठरवत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या निवड वाईटाचीच होत राहते. ट्रॅक्टर आल्यापासून तर गोऱ्हा पोसायचा कशाला, हाच प्रश्न आहे.

मालक मला आधी गायकीकडे, म्हणजे गावची ढोरं चारणाऱ्याकडे घेऊन गेला. आखरावर सकाळी ढोरं गोळा होतात, तिथे म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याला कालवडीचं वर्णन करावं लागलं नाही. ‘इची माय मीच चारलो. आजी पांढरी होती, ते वाघानं नेली. बाप मात्र या गावचा नोहे.’ मग त्याने आपल्या कळपातल्या एकेका गोऱ्ह्याकडे काठी केली: हा हिचा सावत्र भाऊ, तो हिच्या मायेचाच, तो चालतो पण पाय फेकतो. तिथल्या तिथे आमच्या गावातले सगळे नर बाद झाले. कुठल्याही वहीत नसलेली तीन पिढ्यांची वंशावळ आम्ही उभ्या-उभ्या ऐकली. गायकीला ढोरामागे ठरलेलं धान मिळतं आणि वाघाच्या रानात दिवस काढावा लागतो. ब्रह्मपुरी-आरमोरीच्या पट्ट्यात हे नुसतं बोलायचं नाही. त्याचा मुलगा हे काम करत नाही. का करावं?

पुढचा पत्ता मिळाला तो शंकरपटात. पौष-माघात झाडीपट्टीतल्या गावोगावी पट भरतात, दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक रंगतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याने कायद्यात केलेली दुरुस्ती कायम ठेवली. लोक पटाला पळणारी जोडी पाहायला जातात. आमचा मालक मात्र पळून आलेल्या जोडीच्या मालकाजवळ जाऊन बसला आणि चहा होईपर्यंत त्याने बैलांविषयी अवाक्षर काढलं नाही. मग विचारलं, यांची माय आहे का अजून? पळणारा बैल खच्ची झालेला असेल तर तो स्वतः कधीच बाप होणार नाही. पण त्याची माय जिवंत असेल आणि तिचा धाकटा गोऱ्हा अजून चिमट्यातून सुटलेला असेल, तर रक्त तेच. शोधाची ही तऱ्हा मला पशुपैदाशीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा चलाख वाटली.

तसा गोऱ्हा निघाला वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात. चारदाती, म्हणजे तिशीच्या पुढचे महिने. आम्ही गेलो तेव्हा आमच्या मालकाने त्याच्या तोंडाकडे शेवटी पाहिलं. आधी त्याच्या मायेची कास पाहिली, सड पाहिले, ती उठते कशी ते पाहिलं. मग गोऱ्ह्याला ओल्या बांधीतून चालवलं आणि मागून खुरांचे ठसे पाहिले, दोन फाळ सारखे दबतात की नाही. दोन्ही वृषण सारखे आहेत का, हे हाताने चाचपलं. वेसण ओढल्यावर तो फुरफुरला, पण शिंग मारलं नाही. ‘तापट चालल, मारका नाय,’ एवढाच शेरा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. नैसर्गिक फळवणुकीतून काही रोग गाईला लागतात, आणि गर्भपात घडवणारा ब्रुसेलोसिस तर माणसालाही होतो. म्हणून रक्ताचा नमुना द्यायचा ठरला. गोऱ्ह्याचा मालक कुरकुरला, मग तयार झाला. 2022 च्या लम्पी रोगाच्या साथीत गुरांचे बाजार बंद पडलेले त्याने पाहिले होते.

मग महिन्यांचा हिशेब. गाय साधारण 280 दिवसांनी विते. माघात फळली तर कार्तिकाच्या सुमाराला वासरू, तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, ताजं तणीस हाताशी येतं, आणि रोवण्याच्या धबडग्यात बाळंतपण येत नाही. माज 21 दिवसांनी फिरतो. देशी गाईचा माज आखूड, बरेचदा रात्री-पहाटे उमटणारा. नदी ओलांडून तेवढ्यात सांड आणणं जमणार नाही, म्हणून त्याला आधीच इकडे आणून ठेवायचं ठरलं. बदल्यात काय? पैसे नाहीत. पहिला गोऱ्हा झाला तर निवड सांडाच्या मालकाची.

अमेरिकेत मिनिएचर घोडीसाठी नर शोधणारेही बाळंतपणाच्या याच काळजीत असतात. तिथल्या एका संघटनेची उंचीची मर्यादा 34 इंच आहे. एवढ्याशा घोडीचं बाळंतपण अवघड, त्यामुळे नर लहानच हवा. शिवाय खुजेपणाचा दोष दोघांतही लपलेला असेल तर चारांत एक शिंगरू विकृत जन्मण्याची शक्यता, म्हणून आयाळीचे केस तपासायला पाठवतात. त्यांच्याकडे कागद आहे, प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे गायकी आहे, आणि तो म्हातारा झाला आहे.

कागद आता कठाणीलाही मिळाला आहे. 2023 च्या सुरुवातीला देशात नव्याने नोंदलेल्या दहा जाती जाहीर झाल्या, त्यात महाराष्ट्रातून कठाणी गाय आणि पूर्णाथडी म्हैस होती. आनंदाचीच गोष्ट. पण नोंदणी गाय फळवत नाही. एकच सांड गावात फार वर्षं राहिला तर त्याच्या पोरी त्याच्याचसमोर माजावर येतात, आणि बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्क्यांवर जातं. म्हणून सांड तीनेक वर्षांनी दुसऱ्या गावाला द्यायला हवा, तिथला इकडे यायला हवा. याला मोठी योजना लागत नाही. पशुसंवर्धन विभागाने कठाणीच्या गावांत खच्चीकरणाचं शिबिर लावण्याआधी गायकीला सोबत घेऊन आखरावर एक सकाळ घालवावी, गावामागे एक गोऱ्हा निवडून त्याच्या कानात बिल्ला मारावा, आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा.