चकवा : रानातला आणि पडद्यावरचा

मराठी भुतांच्या खुणा ठरलेल्या आहेत. मुंजा पिंपळावर राहतो, हडळीची पावले उलटी असतात. चकव्याला मात्र बहुधा रूपच नसते. असते ती फक्त करणी. कळंबच्या शिवारातून रात्री घरी निघालेला माणूस चालतच राहतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. मग जुनी माणसे म्हणतात, त्याला चकवा लागला.

अशीच करणी २०१४ साली एका व्हिडिओ गेमचा कणा झाली. जपानच्या कोनामी कंपनीसाठी हिदेओ कोजिमा यांनी केलेल्या ‘पी. टी.’ या छोट्या खेळात आपण घरातल्या काटकोनी बोळातून जातो, टोकाचे दार उघडतो आणि त्याच बोळाच्या सुरुवातीला पोचतो. दर फेरीत थोडेसे काही बदलते. बंद दार किलकिले होते, रेडिओ बोलू लागतो, दिवे लाल होतात.

अशी वाट संगणकावर कशी रचायची, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. संगणकाच्या लेखी खेळाडूचे ठिकाण म्हणजे काही निर्देशक. त्याने ठरावीक रेषा ओलांडली, की त्या जागी सुरुवातीचे निर्देशक घालायचे. दोन्हीकडचे दृश्य सारखे ठेवले की ही उडी कळत नाही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधल्या एका किल्ल्यातही वाट चुकली की तोच भाग पुन्हा समोर येतो. तिथे ते नुसते कोडे होते.

भयखेळ रचणारे पुष्कळ जण लोककथेतून भुताचा चेहरा तेवढा उचलतात. तो अचानक पुढे आला की आपण दचकतो. पण चौथ्या-पाचव्या वेळी शरीराला त्याची सवय होते. माझ्या मते करणी उचलणे जास्त प्रभावी ठरते, कारण तिथे आपल्या दिशेच्या जाणिवेवरचाच भरवसा उडतो.

ही जाणीव खरोखरच कच्ची आहे. यान सौमान आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य दिसत असताना ते बरेचसे सरळ गेले. आभाळ भरलेले असताना जंगलातले लोक गोल फिरले. काहींनी स्वतःचीच वाट ओलांडली, तरी त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी वीसेक मीटर व्यासाची होती. एक पाय आखूड असल्याने असे होते, हा समज इथे टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. अंतर्कर्ण व स्नायूंकडून मिळणाऱ्या माहितीत बारीक चुका असतात. बाहेरची खूण दिसली नाही तर त्या साठत जातात.

अमावास्येची रात्र, ढगाळ आभाळ आणि दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी ज्वारी असेल, तर खुणा कुठून दिसणार? चकवा लागल्याचे सांगणारा शेतकरी थापा मारत नसतो. अशा वेळी उजाडेपर्यंत जागीच बसावे, हा जुना सल्लाही योग्यच आहे. उघड्या विहिरींच्या रानात अंधारात फिरत राहणे जिवावर बेतू शकते. आणि सकाळी पूर्व आपोआप कळते.

शाळेच्या मोकळ्या मैदानावर हे पाहता येईल. एकाचे डोळे बांधून त्याला ध्वजस्तंभाच्या दिशेने शंभर पावले चालू द्या. दुसऱ्याने मागून फक्की टाकत यावे. बाकीच्यांनी गप्प राहावे, कारण आवाजावरूनही दिशा कळते. प्रत्येकाला तीनदा चालवा आणि रेषा कोणत्या बाजूला वळल्या ते वहीत काढून घ्या.