नोंदीबाहेरच्या फायली: साफसफाईआधीचा विचार

प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या कामातला प्रत्येक बदल टिपून ठेवायला गिट हे साधन वापरतात. लिनक्सच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. एखादा बदल कोणी केला, कधी केला, हे त्यात कळते आणि जुन्या टप्प्यावर परतही जाता येते. मात्र कामाच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल या नोंदीत नसते. काही फायली मुद्दाम बाहेर ठेवल्या जातात आणि त्यांची नावे 'डॉट गिटइग्नोर' या फायलीत लिहिली जातात. फोल्डर साफ करताना या यादीतल्या फायलींनाही कचरा समजावे का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते समजू नये, कारण या एकाच यादीत दोन अगदी वेगळ्या जातींच्या वस्तू असतात.

पहिली जात पुन्हा तयार होणाऱ्या फायलींची: प्रोग्राम बांधताना निघालेली फलिते, इंटरनेटवरून उतरवलेली पॅकेजेस, तात्पुरत्या नोंदी. त्या पुसल्या तर थोडा वेळ जातो, एवढेच. दुसऱ्या जातीत पासवर्डची फाइल, ॲपवर सही करण्याची डिजिटल किल्ली, चाचणीसाठी जमवलेला डेटाबेस हे येतात. या गोष्टी सर्वांना दाखवायच्या नसतात किंवा दुसऱ्याच्या कामाच्या नसतात, म्हणून त्या नोंदीबाहेर राहतात. उदाहरणार्थ, पेण तालुका गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे विक्रीच्या हिशेबात रबरी साचाही नसतो आणि जमिनीवर सांडलेली प्लास्टरची भुकटीही नसते. पण हंगाम संपल्यावर भुकटीबरोबर साचाही झाडून टाकणारा कारागीर मिळणार नाही.

गिटमध्ये सफाईसाठी 'क्लीन' ही आज्ञा आहे. सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय ती मुळात काही पुसत नाही, आणि दिला तरी फक्त नोंदीत नसलेल्या व यादीतही नसलेल्या फायली काढते. स्मॉल एक्स जोडला की यादीतल्या फायलीही जातात. कॅपिटल एक्स जोडला तर केवळ यादीतल्या जातात आणि आपण नुकतीच लिहिलेली, अजून न नोंदवलेली फाइल वाचते. मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या साधनांतही दुर्लक्षित फायली पुसण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे साधने घडवणाऱ्यांनीही या फायलींना सरसकट कचरा मानलेले नाही. पण हे संरक्षण अपुरे आहे. दुसऱ्या शाखेवर, म्हणजे त्याच कामाच्या समांतर प्रवाहावर, जाताना तिथे त्याच नावाची फाइल नोंदलेली असेल, तर गिट साध्या नोंदीबाहेरच्या फायलीसाठी थांबते. यादीतल्या फायलीवर मात्र न विचारता नवी फाइल लिहिते. पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही, आणि ती कधी नोंदलीच नसल्याने गिटच्या इतिहासातूनही परत मिळत नाही.

यावर आक्षेप असा, की जुनी फलिते फोल्डरमध्ये राहिली तर चुका झाकल्या जातात. आपल्या संगणकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे बंद पडतो. आक्षेप रास्त आहे. पण त्याचा उपाय म्हणजे वेगळ्या जागी नवी प्रत उतरवून तिथे प्रोग्राम बांधून पाहणे. त्यासाठी रोजच्या फोल्डरमधले सगळे पुसायची गरज नाही. दुसरा आक्षेप असा, की जे मौल्यवान आहे ते नोंदीतच असावे. पासवर्डच्या बाबतीत हा सल्ला घातक ठरतो, कारण एकदा नोंदलेली गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक प्रतीत जाते आणि नंतर फाइल काढली तरी जुन्या टप्प्यांत उरते. 'मौल्यवान' फायलींचा वेगळा वर्ग असावा, अशी चर्चा गिटच्या विकसकांत अनेक वर्षे चालू आहे. ही गरज खरी असल्याचाच तो पुरावा.

तोवर जबाबदारी वापरणाऱ्याचीच. आधी 'एन' हा पर्याय देऊन काय काय जाणार आहे ते पाहावे. त्याने काहीच पुसले जात नाही. बांधणीची फलिते काढायची असतील तर कॅपिटल एक्स पुरतो, पण त्यात पासवर्डची फाइलही जाईल, म्हणून 'ई' हा पर्याय देऊन तिच्या नावाआधी उद्गारचिन्ह लावावे आणि ती वगळावी. उद्गारचिन्हाशिवाय ती वाचत नाही. आणि जी फाइल पुन्हा तयार होणार नाही, तिची प्रत या फोल्डरच्या बाहेर आजच ठेवावी.