द्रवीय क्लच : दोषनिदान

मोटारगाडीच्या क्लच पेडलवर दिलेला दाब तारेऐवजी द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेस द्रवीय क्लच म्हणतात. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेल्या एम.जी.बी. या स्पोर्ट्स मोटारगाडीत ती वापरलेली आहे. या गाडीत क्लचची तबकडी बदलण्यासाठी एंजिन बाहेर काढावे लागते. म्हणून दोष द्रवीय यंत्रणेत आहे की प्रत्यक्ष क्लचमध्ये, हे आधी निश्चित करणे महत्त्वाचे असते.

रचना व कार्य : पेडल दाबले असता मुख्य सिलिंडरातील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. धातूच्या व रबरी नळीतून हा दाब क्लचच्या आवरणावरील दुय्यम सिलिंडरात पोहोचतो. तेथील दट्ट्या दांडीने तरफ हलवितो. त्यामुळे मुक्ती धारवा दाबतबकडीवर रेटला जाऊन क्लचची तबकडी प्रचक्रापासून सुटते.

लक्षणे व तपासणी : गिअर पडताना खरखर होणे हे क्लच पूर्ण न सुटल्याचे लक्षण होय. एंजिनाची गती वाढूनही गाडीचा वेग न वाढणे ही घसरण असून ती बहुधा अस्तर झिजल्याने किंवा त्यावर तेल आल्याने होते. मात्र हवा काढण्याचा स्क्रू सैल करताच घसरण थांबली, तर आतून फुगलेल्या रबरी नळीत किंवा मुख्य सिलिंडरात दाब अडकलेला असतो.

क्लच सुटत नसल्यास प्रथम टाकीतील द्रवाची पातळी पाहतात. ती उतरत असल्यास गळती शोधतात. गळती नसताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे हा मुख्य सिलिंडरातील रबरी वाटी झिजल्याचा संकेत असतो. वारंवार दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल, तर यंत्रणेत हवा शिरलेली असते. यानंतर पेडल पूर्ण दाबवून दुय्यम सिलिंडराच्या दांडीची हालचाल मोजतात. एम.जी.बी.मध्ये ती सु. १२ मिमी. भरावी. ती कमी भरल्यास वरील दोषांबरोबरच पेडलजवळची झिजलेली खीळही तपासतात. हालचाल पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल, तरच दोष आत असण्याची शक्यता अधिक असते.

हवामानाचा परिणाम : ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो व त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. ठाण्याच्या खाडीलगतच्या नवी मुंबईसारख्या दमट शहरात हा धोका वाढतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेली, ५० वर्षांहून जुनी वाहने नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. अशी गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास क्लचची तबकडी गंजून प्रचक्राला चिकटू शकते. मग दांडीची हालचाल पूर्ण असूनही क्लच सुटत नाही. परंतु गंज थोडा असल्यास एंजिन न काढताही ती मोकळी होऊ शकते. द्रव ठराविक काळाने बदलणे हा मुख्य प्रतिबंधक उपाय होय. या द्रवाऐवजी खनिज तेल घातल्यास रबरी वाट्या फुगून निकामी होतात.