प्रत्यारोपित किडनी आणि प्रतिकारपेशी : निदानाची साठ वर्षे

प्रत्यारोपित किडनी शरीर नाकारते तेव्हा ते काम प्रतिकारपेशी करतात. या पेशी कोणत्या, कुठे शिरल्या आणि तिथे काय करत आहेत, हे ओळखायला वैद्यकाला अनेक दशके लागली. भारतात प्रत्यारोपणाची सुरुवात मुंबईत झाली. मे १९६५ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने मृत दात्याची किडनी एका रुग्णाला बसवली. जिवंत दात्याच्या किडनीचे देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले.

त्याआधी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला दिली होती. एकसारख्या जुळ्यांच्या पेशींना एकमेकांत परके काही दिसत नाही, म्हणून ती टिकली. इतरांच्या बाबतीत काय घडते, ते पीटर मेडावर यांनी सशांवर त्वचारोपण करून दाखवले होते. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली की ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडे. प्रतिकारयंत्रणेची ही आठवण लसिका ग्रंथींतल्या पेशींमार्फत एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते, हे १९५०च्या दशकात एव्हरियन मिचिसन यांनी सिद्ध केले. तेव्हापासून या ग्रंथींतली लिम्फोसाइट ही या प्रकरणातली मुख्य पेशी ठरली.

रुग्णाच्या खाटेपाशी मात्र या ज्ञानाचा उपयोग लगेच झाला नाही. ताप, लघवी कमी होणे, अंगावर सूज, पोटाच्या खालच्या भागात बसवलेली किडनी दाबल्यावर दुखणे आणि रक्तात वाढलेले क्रिएटिनिन, एवढ्यावरच रिजेक्शनचे, म्हणजे किडनी नाकारली जाण्याचे, निदान होई. क्रिएटिनिन गाळण मंदावल्याचे सांगते, कारण सांगत नाही. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन वापरात आल्यावर ही अडचण तीव्र झाली, कारण किडनी वाचवणारे हे औषधच जास्त झाले तर किडनीला मारक ठरते. क्रिएटिनिन वाढले तर औषध वाढवायचे की कमी करायचे, हा प्रश्न जीवघेणा होता.

एक धोका मात्र शस्त्रक्रियेआधीच ओळखता येऊ लागला. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी क्रॉसमॅच चाचणीचे महत्त्व दाखवून दिले. दात्याचे लिम्फोसाइट रुग्णाच्या रक्तद्रवात ठेवायचे. पेशी मेल्या तर रुग्णाकडे त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार आहेत. अशा दात्याची किडनी बसवली तर रक्त सुरू होताच काही मिनिटांत निळी पडू शकते. आपल्याकडे ही चाचणी पतीची किडनी पत्नीला देताना विशेष मोलाची ठरते. गर्भात पित्याकडून आलेल्या परक्या खुणा असतात, आणि बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी त्या वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

विशिष्ट पेशी नेमकी हेरणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे १९७५ नंतर हाती आली. रक्तातल्या टी-पेशींच्या, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका गटाच्या, उपप्रकारांचे प्रमाण मोजून रिजेक्शन ओळखता येईल, ही आशा स्वाभाविक होती, पण ती फारशी फळली नाही. सायटोमेगॅलोसारख्या विषाणूच्या संसर्गातही ते प्रमाण बिघडते. शिवाय खरी लढाई किडनीत चालू असते, नसेतल्या रक्तात नव्हे.

म्हणूनच बायॉप्सीला, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याला, पर्याय उरला नाही, पण तिचे वाचन प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या पद्धतीने करी. १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी किम सोलेझ आणि सहकाऱ्यांनी बैठक घेऊन समान निकष ठरवले. या मागोव्यातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. सुईने काढलेल्या तुकड्यात निदान १० केशिकागुच्छ आणि २ धमन्या हव्यात. नुसत्या लिम्फोसाइटच्या गर्दीवरून निकाल द्यायचा नाही. त्या गर्दीत निरुपद्रवी पेशीही असतात. पीएएस रंगाने नलिकेभोवतीचा पातळ पडदा गुलाबी-जांभळा उठून दिसतो. तो ओलांडून लिम्फोसाइट नलिकेच्या अस्तरात घुसला आहे का, हे पाहायचे. एका नलिकेच्या छेदात असे १ ते ४ लिम्फोसाइट असले तर पहिली श्रेणी, ५ ते १० असले तर दुसरी, त्याहून जास्त असले तर तिसरी.

हुबेहूब असेच चित्र बीके विषाणूही उभे करतो. तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात, रिजेक्शनमध्ये वाढवावी लागतात. दोन्हींत पेशी त्याच, उपचार उलटे. म्हणून विषाणू दाखवणारा वेगळा रंग वापरावाच लागतो.

टी-पेशींवर खिळलेली नजर १९९०च्या दशकात वळली. जर्मनीत फॉइष्ट यांनी केशवाहिन्यांत चिकटून राहणारा सी४डी हा पूरक प्रथिनाचा अवशेष प्रतिपिंडांच्या हल्ल्याची खूण म्हणून पुढे आणला, आणि काही वर्षांत बॅन्फ निकषांत तो आला. पुढे सी४डी नसतानाही केशवाहिन्यांत पेशी साचलेल्या दिसू लागल्या. त्यांत नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशींचा मोठा वाटा आढळला. २०१९ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरातल्या संशोधकांनी दाखवले, की दात्याच्या पेशींवर स्वतःची ओळखखूण सापडली नाही तर या पेशी प्रतिपिंडांशिवायही चवताळतात. २०२४ मध्ये फेल्झार्टामॅब या औषधाची २२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ते सीडी३८ ही खूण असलेल्या पेशी घटवते, आणि एनके पेशी त्यांत येतात. प्रतिपिंडजन्य रिजेक्शन, ज्यावर खात्रीचा उपाय नव्हता, त्यात निकाल आशादायक आले.

सुई न टोचता निदान करण्याचे प्रयत्नही चालूच आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत सुथंतिरन यांच्या गटाने ४८५ रुग्णांचे ४,३०० लघवीचे नमुने तपासून, त्यांतल्या पेशींच्या आरएनएवरून रिजेक्शनची चाहूल आधीच लागते असे दाखवले. प्रतिकारपेशींना बोलावणारी सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० ही प्रथिनेही लघवीत मोजता येतात. शिर्डी-राहात्याकडच्या रुग्णाला क्रिएटिनिन गावात तपासता येते; किडनी बायॉप्सीच्या बारकाईच्या वाचनासाठी मात्र नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि पुणे शिर्डीहून सुमारे १८५ किलोमीटर आहे. लघवीची चाचणी अशांच्या फार कामाची ठरेल. पण बीके विषाणूच्या संसर्गातही लघवीतली हीच प्रथिने वाढत असल्याने अंतिम निदान अजून बायॉप्सीवरच होते.