मासोळी तव्याला का चिकटली? व्हेरिएबल, इंटरॅक्शन आणि थोडा सोया सॉस

तर झालं असं. सिंदी मेघेत खोली घेऊन राहते, स्वयंपाक स्वतःच करावा लागतो. एका रविवारी वर्ध्याच्या बाजारातून मरळ आणली. रोहूच्या मांसात बारीक काटे पसरलेले असतात, मरळीत ते कमी, त्यामुळे बिनकाट्याचे तुकडे नीट निघतात. बेत होता तव्यावर परतून सोया-आलं-लसणाच्या सॉसमध्ये घोळवायचा. पण सगळे तुकडे तव्याला चिकटले आणि भुगा झाला.

पुढच्या वेळी मी तुकडे पुसले, तवा जास्त तापवला, तेल वाढवलं, वर कॉर्नफ्लोअरही लावलं. मस्त जमलं! रूममेट म्हणाली, "नेमकं कशामुळे जमलं गं?" मला सांगता येईना.

हाच प्रश्न त्याआधी लॅबमध्ये गाइडनी विचारला होता. मी बफर आणि तापमान दोन्ही एकदम बदललं होतं. सिग्नल आला, पण श्रेय कोणाला द्यायचं? तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

आधी तव्यावर काय घडतं ते बघू. मासोळीवरचा खरपूस रंग मुख्यतः मेलार्ड अभिक्रियेचा. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेलार्ड यांनी ती १९१२ मध्ये मांडली. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोरात चालते. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तापमान १०० च्या आसपासच अडकतं. शिवाय १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल लागतात. तेच पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला फक्त ३१४ च्या आसपास. म्हणजे ओला तुकडा तव्याची उष्णता पिऊन टाकतो, कोरडी खरपूस पापडी तयार होत नाही आणि प्रथिनं धातूला धरून बसतात.

आता प्रयोग कसा आखायचा? दोन व्हेरिएबल घ्या: तुकडा (पुसलेला/ओला) आणि तवा (चांगला तापलेला/कोमट). तेल तेवढंच, जाडी तेवढीच. चार जोड्या होतात, चारही करा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कारण कळतं, पण दोन गोष्टी मिळून काय करतात ते निसटतं. पुसलेला तुकडाही कोमट तव्यावर चिकटू शकतो. पुसण्याचा फायदा तव्यावर अवलंबून असेल, तर त्यालाच इंटरॅक्शन म्हणतात. अशा फॅक्टोरियल रचनेचा आग्रह रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात रॉदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना धरला. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नंतरच्या तुकड्यांना आपोआप जास्त तापलेला तवा मिळेल.

सॉस वेगळ्या कढईत करा. पाव किलो तुकड्यांना दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर, बारीक चिरलेलं आलं-लसूण, हिरवी मिरची, अर्धा कप पाणी. उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला. थेट गरम सॉसमध्ये टाकलं तर गुठळ्या होतात. तुकडे दोन्ही बाजूंनी खरपूस झाले की शेवटी सॉसमध्ये घोळवा. आधी घातला तर पुन्हा पाणीच आलं ना!

आणि इंटरॅक्शन इथेही आहेच. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतं. त्याची चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखली आणि तिला 'उमामी' नाव दिलं. माशात इनोसिनेट असतं. दोन्ही एकत्र आले की चव त्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. फक्त सोया चाखून, मग फक्त मासोळी चाखून हे कधीच कळलं नसतं.

शेवटी एक सावधगिरी, जी मला उशिरा कळली. एकाच मरळीचे बारा तुकडे म्हणजे बारा मरळी नव्हेत. त्या मरळीपुरतं उत्तर मिळेल. सगळ्या मरळींबद्दल बोलायचं तर पुन्हा बाजारात जावं लागेल. सिनॉप्सिस लिहिताना 'एन' च्या पुढे आकडा टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: मी मासोळ्या मोजतेय की तुकडे?