सव्विसाव्या मैलावरचे दोघे

पिंपरीहून पुण्याला जाताना दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची लांबलचक हद्द लागते आणि मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की खडकी, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे घर. आम्ही चिंचवडकर जन्मभर या वाटेने ये-जा करतो. पण सॅपर म्हणजे कोण, असे बसमध्ये कुणाला विचारा. 'पूल बांधणारे शिपाई' एवढेच उत्तर मिळेल. ते खोटे नव्हे, पण अर्धे आहे. इतरांनी ज्या वाटेने जायचे त्या वाटेवरचे मरण आधी उकरून काढणारा, तो सॅपर.

तसा सुरुंग आमच्या मुलखाला नवा नाही. शेजारच्या चाकणला १६६० साली शाइस्ताखानाने वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने पन्नासहून अधिक दिवस किल्ला झुंजवला. अखेर मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला, तेव्हा कुठे गड हाती लागला! त्या काळी सुरुंग बुरुजाखाली असे. पुढे तो वाटेत, पायाखाली आला.

१९४८ चा एप्रिल. नौशेराहून राजौरीकडे रणगाडे निघाले होते. डोंगरी रस्ता, जागोजाग पेरलेले सुरुंग, आडवी पाडलेली चीडाची झाडे. वाट मोकळी करण्याचे काम बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या तुकडीकडे होते. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. ८ तारखेला सकाळी ११ वाजता, सव्विसाव्या मैलाच्या परिसरात, मंडळी रणगाड्यांजवळ कामाची वाट पाहत थांबली होती. इतक्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार झाले. राण्यांसह पाच जण जखमी.

राण्यांना परमवीरचक्र मिळाले. ते हयातीत मिळवणारे ते पहिलेच. १९९४ साली पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांचा गौरव झाला तो सर्वस्वी यथायोग्यच. परंतु त्याच मानपत्रात ते दोघे येतात ते केवळ एका आकड्याने, 'दोन' म्हणून. मला हा आकडा वाचून पुढे जाववत नाही. पराक्रम दाखवायची संधीही त्यांना मिळाली नाही. हातात हत्यार घेऊन ते आपली पाळी येण्याची वाट पाहत होते, इतकेच.

उरलेल्यांना गोळा करून राण्यांनी लगेच काम सुरू केले. रात्री १० पर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत, ते चालले. ९ तारखेला पहाटे ६ ला पुन्हा आरंभ. झाडे सुरुंगाने उडवली, मोडलेल्या मोरीला वळसा काढला. संध्याकाळी पाच मोठी झाडे आडवी आली, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा. ती वाट १० तारखेला पहाटे पावणेपाचला हात घालून साडेसहाला मोकळी केली. ही सारी कामे चार हात कमी असताना झाली, हे ध्यानात घ्यावे.

११ तारखेला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि १२ ला राजौरी आपल्या हाती आली. मागून शिधा-दारूगोळ्याच्या गाड्या त्याच रस्त्याने गेल्या, सव्विसावा मैल ओलांडून.